उपाशी पेशींचा उजेड

प्रकाश मोजायचं मशीन विभागात एकच होतं आणि लॅबा होत्या सात. म्हणून प्रत्येक लॅबला आठवड्यातले दीड तास नेमून दिलेले. काजवीच्या लॅबच्या वाट्याला सोमवारी सकाळचे साडेनऊ ते अकरा आले होते. तो वेळ हुकला की आठवडा गेला. गेल्या सात महिन्यांत तिचा वेळ एकदाही हुकला नव्हता. हुकत होते ते आकडे.

आजही तिनं पहिली प्लेट आत सरकवली, झाकण लावलं आणि पडद्याकडे बघायच्या आधी भिंतीकडे बघितलं. जणू तेवढ्या वेळात आकडा सुधारणार होता. मग बघितलं. सात हजार आठशे.

ही प्लेट कंट्रोलची होती, नुसती तुलनेसाठी ठेवलेली. हिच्या पेशींत विषाणूचं काहीही नव्हतं. हिनं काळोख दाखवायला हवा होता. दोनशे, फार तर अडीचशे.

"किती?" मागून थोरलीनं विचारलं. थोरली म्हणजे लॅबमधली सगळ्यांत जुनी संशोधक. तिची पीएचडी होऊन पाच वर्षं झाली होती, पण लॅबनं तिला सोडलं नव्हतं की तिनं लॅबला.

"विचारू नकोस."

"म्हणजे सात हजारांच्या घरात."

"आठच्या उंबऱ्यावर."

थोरलीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. सहानुभूती दाखवली की काजवी चिडते हे तिला ठाऊक होतं.

काजवी हे नावही थोरलीनंच ठेवलेलं. तिच्या पेशींत काजव्याचं एक जनुक घातलेलं असायचं. ते चालू झालं की पेशी उजळायची, बंद असलं की काळोख. इथवर सगळं सोपं होतं. त्या जनुकाची कळ कुणी दाबली, हे सांगणं अवघड.

आईला तिनं ते फोनवर समजावलं होतं. आईनं विचारलं होतं, "तू चार वर्षं त्या एका विषाणूच्या मागे का लागली आहेस?" काजवी म्हणाली, "असं बघ. पेशीला वाढायचं असेल तर बाहेरून निरोप यावा लागतो. निरोप दाराशी येतो. दारावरचा आतल्याला सांगतो, तो त्याच्या पुढच्याला. असं हातोहात जात जात शेवटचा निरोप्या गाभ्यात शिरतो आणि तिथली जनुकं उघडतो. कळलं?"

"कळलं. सरकारी कचेरीसारखं."

"तसंच. आता हा विषाणू काय करतो, तर दाराशी जातच नाही. तो आतच एक प्रथिन बनवतो. त्या प्रथिनाचा एक कोपरा हुबेहूब त्या शेवटच्या निरोप्यासारखा असतो. जनुकं त्याला बघून उघडतात. बाहेरून निरोप आलेलाच नसतो."

"म्हणजे मी साहेबांचा माणूस आहे असं सांगून घुसणारा."

"सांगतसुद्धा नाही, आई. नुसता तसा दिसतो. पेशी चेहरा बघते, ओळखपत्र मागत नाही."

"मग यात सिद्ध काय करायचं राहिलंय? तू तर सगळं सांगितलंस."

तिथं काजवीनं विषय बदलला होता. कारण सांगणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. दाखवायचं तर आधी पेशीला खरे निरोप मिळणं बंद करायला हवं. पेशी ज्या लाल पाण्यात वाढतात त्यात सीरम घालावं लागतं, रक्तातला पिवळसर पातळ भाग. पेशींचं अन्नपाणी त्यातच आणि वाढीचे सगळे निरोपही त्यातच. म्हणून शनिवारी संध्याकाळी काजवी प्लेट्समधलं सीरम धुऊन काढायची आणि पेशींना छत्तीस तास उपाशी ठेवायची. पोटात काही नाही, कानावर काही नाही. पेशी अशा गप्प झाल्या की सोमवारी सकाळी ज्या प्लेटमध्ये विषाणूचं प्रथिन असेल तीच उजळायला हवी. बाकी काळोख. मागच्या हिवाळ्यात तिनं हे तीनदा केलं आणि तीनदा तस्संच झालं. कंट्रोल दोनशे, विषाणूवाली प्लेट नऊ हजार. शोधनिबंध लिहून झाला, पाठवून झाला. छापणाऱ्यांनी कळवलं, उत्तम आहे, फक्त अजून तीनदा करून दाखवा.

त्याला सात महिने झाले. तेव्हापासून दोन्ही प्लेट्स उजळत होत्या. दिवाळं निघालेल्या दुकानात सगळे दिवे चालू असावेत तशा.

*

सरांच्या खोलीत सर, म्हणजे तिचे पीएचडीचे मार्गदर्शक, पाय लांब करून, गुडघ्याखाली घडी केलेला टॉवेल घेऊन बसले होते. मागच्या हिवाळ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तीन महिने ते घरी होते. परत आले ते तब्येतीनं बरे आणि स्वभावानं आणखी कडक होऊन.

"कंट्रोल बोलायला लागला की प्रयोग मुका होतो," ते म्हणाले.

हे वाक्य काजवीनं या वर्षात इतक्यांदा ऐकलं होतं की पहिला शब्द निघाला की तिच्या मनात शेवटचा वाजायचा.

"हो, सर."

"हो काय? का बोलतोय तो?"

"तेच शोधतेय."

"मी सांगतो. हात." सरांनी स्वतःचे दोन्ही हात टेबलावर ठेवले. "पेशी पुस्तकानं वाढत नाहीत, हातानं वाढतात. तू हुशार आहेस, वाचतेस, सगळं मान्य. पण तुझ्या पेशी बघितल्या की मला वाईट वाटतं. आकसलेल्या, कडा ओढलेल्या. जीव लावत नाहीस तू त्यांना."

"सर, उपाशी ठेवल्यावर त्या आकसणारच."

"त्याचीही एक रीत असते," सर म्हणाले आणि विषय संपवला. "हे बघ. तुझ्या पीएचडीची समिती सोळा दिवसांनी बसतेय. तोवर कंट्रोल गप्प झाला नाही, तर निबंध मागे घ्यायचा असं मी सांगणार आहे. मागच्या वर्षीचा निकाल योगायोग होता असं म्हणू. तुला दुसरा विषय देतो."

"चार वर्षं झाली, सर."

"मलाही मोजता येतं."

ती बाहेर आली. दाराबाहेर पाण्याचं यंत्र होतं. तिनं पेला भरला आणि न पिताच ओतून दिला. भांडायला समोर कुणी असतं तर बरं झालं असतं. इथं भांडायचं ते डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींशी, आणि त्या मुकाट्यानं उजळत होत्या.

काय काय बदललं नव्हतं तिनं? पेशींचा नवा साठा काढला. विषाणूच्या प्रथिनाचं जनुक पुन्हा पहिल्यापासून बांधलं, त्यात सहा आठवडे गेले. पाणी बदललं. इन्क्युबेटर, म्हणजे पेशी उबेत ठेवायचं कपाट, आतून तीनदा पुसलं. त्याला जोडलेला गॅसचा नळा बदलला. हातमोजे दुसऱ्या कंपनीचे घेतले, त्यानं हाताला पुरळ उठलं, कंट्रोलचा आकडा जागचा हलला नाही. एका आठवड्यात तिनं कपाळावरची टिकलीसुद्धा काढून काम केलं होतं, आणि हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

शेवटी तिची नजर काचकाकांवर गेली. काचकाका वीस वर्षं विभागाची काचेची भांडी धुत होते. मागच्या खोलीत त्यांचे हौद, घासण्या, वाफेचं मोठं भांडं. काजवी तिथं जाऊन उभी राहिली.

"काका, साबण बदलला का तुम्ही?"

"नाही."

"धुतल्यावर किती पाण्यातून काढता?"

"सात. पहिल्यापासून सात." त्यांनी हात पुसले. "काय झालं, पोरी? परत ते आकडे?"

"बाटल्यांना साबण राहिला तर पेशींना निरोप मिळू शकतो."

काचकाकांनी फडकं खांद्यावर टाकलं. "चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची असेल तर दे. पण सात पाण्यांतून काढलेली बाटली आहे ती. पाहिजे तर मी त्यातून पाणी पिऊन दाखवतो."

तिला लाज वाटली. लाज वाटली म्हणून राग आला, आणि राग आला म्हणून ती माफी न मागताच परत आली.

*

मंगळवारी संध्याकाळी तिनं एक वेडेपणा केला. मशीनची पाळी नसताना प्लेट्स उपाशी ठेवल्या. गुरुवारी सकाळी शेजारच्या लॅबच्या लांब्याला गाठलं. गुरुवारची पाळी त्याची होती.

"दहा मिनिटं दे."

"बदल्यात काय?"

"माझी कृतज्ञता."

"ती मागच्या वेळचीच शिल्लक आहे," लांब्या म्हणाला, पण खुर्ची सरकवून दिली.

कंट्रोल दोनशे दहा. विषाणूवाली प्लेट आठ हजार नऊशे.

ती आकड्यांकडे बघत राहिली. आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. त्याच पेशी, तेच पाणी, तोच इन्क्युबेटर, तेच पुरळ उठलेले हात. गुरुवारी खरं आणि सोमवारी खोटं, असं निसर्गात काही नसतं. पेशींना वार कळत नाहीत.

सरांना दाखवलं तर ते म्हणाले, "एकदाच ना? सोमवारी आण." तिनं शनिवारी पुन्हा तेच केलं, तस्संच, मिनिटं मोजून. सोमवारी कंट्रोल आठ हजार शंभर.

यावेळी ती थोरलीशीही बोलली नाही. तडक मागच्या खोलीत गेली आणि काचकाकांना म्हणाली, "काका, त्या दिवशी चुकलं माझं."

"बस," काका म्हणाले. तिथं बसायला एकच उलटी बादली होती, ती त्यांनी पायानं तिच्याकडे ढकलली. एका हातानं ते लांब काचेची पिपेट, म्हणजे द्रव ओढून घ्यायची नळी, धुत होते, वर तोंडाकडे कापसाचा बोळा असलेली, जुन्या पद्धतीची.

"ही कुणाची?" तिनं सहज विचारलं. लॅबमध्ये सगळे एकदा वापरून टाकायच्या प्लॅस्टिकच्या पिपेट वापरत.

"काय माहीत. सोमवारी हौदात एक असतेच. मी नळ्या धुतो, पोरी, कुंडल्या मांडत नाही."

"दर सोमवारी?"

"दर सोमवारी. शनिवारी मी हौद रिकामा करून जातो, सोमवारी येतो तर ही आत पडलेली. मला बरं वाटतं. काचेची कदर असलेलं कुणीतरी उरलंय अजून."

"कधीपासून?"

काकांनी विचार केला. "सहा-सात महिने झाले असतील."

काजवी बादलीवरून उठली. काकांनी पिपेट उजेडात धरून तिच्यातून आरपार बघितलं. आत कुठं तरी पिवळसर थेंब वाळून चिकटला होता. तो सीरमचा होता हे सांगायला कुठल्या मशीनची गरज नव्हती.

*

रविवारी दुपारी दोन वाजता ती लॅबमध्ये येऊन बसली. शनिवारी नेहमीसारख्या प्लेट्स उपाशी ठेवल्या होत्या. खोलीत दिवा लावला नाही, खिडकीतून पुरेसं ऊन येत होतं. ती कोपऱ्यात, उंच कपाटाच्या आडोशाला बसली आणि चोर कोण असेल याची यादी करू लागली. लांब्या? त्याच्यात तेवढा खोडसाळपणा होता, तेवढी शिस्त नव्हती. थोरली? तिचा विषयच वेगळा. हेवा म्हणून कुणी करत असेल तर सात महिने एकही रविवार न चुकवता हेवा करणं हीसुद्धा तपश्चर्याच.

पावणेतीनला दार उघडलं. सर आत आले.

पायात चालायचे बूट, कपाळावर घाम. डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं होतं आणि घरापासून लॅबपर्यंत बरोबर तासाची वाट होती. त्यांनी बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, साबण लावून सावकाश हात धुतले. गुणगुणत होते. काजवीनं त्यांना कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मग स्वतःच्या खणातून कागदात गुंडाळलेली काचेची पिपेट काढली, फ्रिजमधून सीरमची बाटली काढली आणि इन्क्युबेटरमधून एकेक ट्रे बाहेर घेतला. थोरलीच्या प्लेट्स मायक्रोस्कोपखाली बघितल्या आणि परत ठेवल्या. काजवीच्या बघितल्या, आणि जिभेनं चुकचुकले.

"अरेरे," ते पेशींना म्हणाले. "काय अवस्था करून ठेवलीय तुमची."

आणि पहिल्या प्लेटमध्ये सीरम सोडलं.

तिनं तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण डोळ्यांनी बघितलेलं डोक्यात शिरायला वेळ लागला. तोंडातून शब्द फुटेपर्यंत तिच्या सगळ्या प्लेट्स जेवून मोकळ्या झाल्या होत्या.

"सर."

सर दचकले, पण हातातली पिपेट हलली नाही. तेवढा हात खरंच पक्का होता.

"तू? आज?"

"काय घालताय?"

"सीरम." ते थोडे ओशाळले, चोरून कुणाचं भलं करताना पकडल्यासारखे. "दर रविवारी बघतो मी. तुझ्या पेशी मरायला टेकलेल्या असतात. म्हटलं थोडं खायला घालावं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"त्या मी उपाशी ठेवल्यात."

"आत्तापासून? ते तू रात्री करतेस ना? बारा तास आधी?"

"छत्तीस तास, सर. शनिवारी संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत."

"आम्ही बारा ठेवायचो."

"माझ्या पेशी बारा तासांत गप्प होत नाहीत. पहिल्याच वर्षी बघितलं होतं. वहीत आहे. दर आठवड्याला त्या पानावर तुम्ही सही करता."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकल लावत होतं, तिचा स्टँड दोनदा निसटला. काजवी मनात महिने मागे मोजत गेली. मागच्या हिवाळ्यातले तीन महिने. तीन चांगले निकाल. सर घरी, पाय प्लॅस्टरसारखा ताठ, रविवारची चाल नाही. इतकं समोर होतं. ती साबणावर संशय घेत बसली होती.

"तुम्ही मला हात म्हणालात," ती म्हणाली. "सात महिने."

"मी तुझे प्रयोग वाचवत होतो," सर म्हणाले, आणि वाक्य पूर्ण व्हायच्या आतच त्यांचं त्यांना ते कसं वाटलं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते स्टुलावर बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "समितीला आपण सांगू की पाण्यात काहीतरी मिसळलं होतं."

"कुणी मिसळलं ते?"

"ते कशाला?"

ती बॅग उचलून निघाली. दारापर्यंत गेल्यावर परत फिरली, कारण प्लेट्स बाहेर थंड पडत होत्या. निरुपयोगी झाल्या होत्या, तरी तिनं त्या आत ठेवल्या, दार लावलं आणि मग गेली.

सोमवारी तिनं थोरलीला सांगितलं. थोरली आधी हसली, मग काजवीचं तोंड बघून थांबली. "कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं," ती म्हणाली. "पण खाल्लं म्हणजे काय, खत घालायला गेलं बिचारं."

"बिचारं म्हणू नकोस."

"बरं. पण समितीत तू त्यांचं नाव घेऊ नकोस, काजवे. ते निवृत्तीला आलेत. तुझं शिफारसपत्र त्यांनाच लिहायचंय."

*

बुधवारी समितीत पाचजण होते. चार विभागातले आणि एक बाहेरून आलेल्या बाई. बाईंच्या समोर काजवीचे सात महिन्यांचे आकडे रकान्यांत मांडलेले होते आणि त्या प्रत्येक आकड्याखाली पेन्सिल टेकवत होत्या.

सरांनी सुरुवात केली. "काही आठवडे पाण्यात सीरम पडलं गेलं. त्यामुळे पेशींना बाहेरून निरोप मिळत राहिले. कारण आता सापडलंय."

"पडलं गेलं?" बाई म्हणाल्या. "सीरम म्हणजे पाऊस नव्हे, सर. कुणी घातलं?"

सर कागद सारखे करू लागले. काजवीनं वाट बघितली. तिनं मनाशी ठरवलं होतं की ते बोलतील, त्यांना बोलू द्यायचं. कागद सारखे होऊन त्यांच्या कडा जुळल्या. तरी ते जुळवत राहिले.

"मुलीच्या हातून झालं असेल," समितीतले एक जण समजूतदारपणे म्हणाले. "होतं असं. आपण तसं नोंदवू आणि विषय..."

"सरांनी घातलं," काजवी म्हणाली.

आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"दर रविवारी. पेशी उपाशी दिसल्या म्हणून."

सगळे सरांकडे बघू लागले. सरांनी चष्मा काढला. "हो," ते म्हणाले. "मीच. मी तिची वही वाचली नव्हती."

समितीतले एक जण हसायला लागले. हसणं एकाकडून दुसऱ्याकडे गेलं. एकानं सांगितलं, त्यांच्या गुरूंनी एकदा कुणाच्या तरी विषारी बाटलीत साखर घातली होती. दुसऱ्याला त्याहून भारी किस्सा आठवला. सरही हळूहळू हसू लागले, सुटल्यासारखे. काजवी पडद्याशेजारी हातात काठी घेऊन उभी होती. सात महिने, सहा आठवड्यांचं बांधकाम, हाताचं पुरळ, काचकाकांचा अपमान. चहाबरोबर सांगायला एक किस्सा झाला होता.

बाई हसत नव्हत्या. "म्हणजे माझ्यासमोर गुरुवारचा एकच आकडा आहे," त्या म्हणाल्या. "एवढ्यावर निबंध उभा राहत नाही. मागच्या वर्षीचेही सगळे निकाल हिच्याच हातचे. दुसऱ्या कुणीतरी स्वतःच्या हातानं करून दाखवा. जमलं तर विषय राहील आणि हिला सहा महिने वाढवून मिळतील. नाही जमलं तर निबंध मागे."

"मी करतो," सर म्हणाले.

"तुम्ही शेवटचा प्रयोग केव्हा केला होता?"

"बारा वर्षं झाली."

"मग हिच्याकडून शिकून घ्या," बाई म्हणाल्या आणि कागद मिटला.

*

शनिवारी संध्याकाळी सर हूडसमोर, म्हणजे जंतू शिरू नयेत म्हणून काच लावलेल्या कपाटासमोर, बसले आणि काजवी त्यांच्या शेजारी. त्यांच्यापुढे तीन प्लेट्स होत्या. पहिली कंट्रोलची, दुसरी विषाणूच्या प्रथिनाची. तिसरीतही तेच प्रथिन होतं, फक्त त्याचा निरोप्यासारखा दिसणारा कोपरा काजवीनं एका जागी बदललेला. चेहरा तेवढा बिघडवलेला. सोंग चेहऱ्याच्या जोरावर चालत असेल तर तिसरी प्लेट काळोखात राहायला हवी. कंट्रोलच उजळत असल्यामुळे या प्लेटला आजवर काही सांगता आलेलं नव्हतं.

"सगळं पाणी काढा," ती म्हणाली.

सरांनी काढलं. सीरम नसलेलं लाल पाणी घातलं, फिरवलं, काढलं.

"अजून एकदा."

"झालं की स्वच्छ."

"कडेला राहतं. तीनदा धुवायचं, सर."

त्यांनी धुतलं. सरांचा हात बघण्यासारखा होता, हे तिला कबूल करावं लागलं. थेंब कुठं सांडत नव्हता. पण प्रत्येक वेळी ते पिपेट आत नेताना थांबायचे.

"पाव टक्का सीरम ठेवू का?" त्यांनी विचारलं. "नुसतं नावाला."

"नाही."

"छत्तीस तास फार होतात गं. जगतील का?"

"जगतात. मी दोनशे वेळा बघितलंय. तुम्ही बघितलं नाही, कारण तुम्ही बघायला आलात की त्यांचं पोट भरायचं."

सरांनी तिसऱ्यांदा धुतलं. काजवीनं सीरमची बाटली स्वतःच्या हातानं फ्रिजमध्ये ठेवली, फ्रिजला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. सर बघत होते.

"माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे. पण कुलूप असू दे."

रविवारी त्यांनी तिला चार वेळा फोन केला. पेशी कशा असतील? जाऊन बघू का? नुसता बघतो, हात लावत नाही. चौथ्या वेळी ती म्हणाली, "सर, तुम्ही दुसऱ्या दिशेला चालायला जा," आणि फोन ठेवल्यावर तिला थोडं हसू आलं. रागही आला. सात महिन्यांत एकदा तरी या माणसानं असा फोन करून विचारलं असतं, तू नेमकं काय करतेस म्हणून.

सोमवारी सर तिच्याआधी मशीनपाशी हजर होते. प्लेट्स त्यांनीच आत सरकवल्या. काजवीनं वही उघडली.

"वाचा," ती म्हणाली.

"पहिली. दोनशे तीस." सरांनी चष्मा नीट केला. "दोनशे तीस."

तिनं लिहिलं.

"दुसरी. नऊ हजार चारशे."

लिहिताना तिच्या पेनचं टोक कागदात थोडं रुतलं. निबंध उभा राहिला होता. विषय राहिला होता. तिला उठून नाचावंसं वाटायला हवं होतं, आणि वाटत होतं ते एवढंच, की खूप लांब चालून आल्यावर कळावं, घर पहिल्याच वळणावर होतं.

"तिसरी," सर म्हणाले, आणि थांबले. "दोनशे पंधरा."

"परत मोजा."

त्यांनी परत मोजलं. दोनशे वीस.

म्हणजे तेच होतं. सोंग त्या एका कोपऱ्यात होतं. चेहरा बिघडवला की जनुकं बंद राहतात. मागच्या हिवाळ्यात नुसतं उजळतं एवढं माहीत होतं. ते का उजळतं, हे आत्ता माहीत झालं.

सर पडद्यासमोरून हलले नाहीत. "हा निबंधातला सगळ्यांत मोठा निकाल आहे," ते सावकाश म्हणाले. "तुझ्या लक्षात येतंय ना? बाकी सगळं याच्यासमोर काहीच नाही."

"येतंय."

"ही तिसरी प्लेट केव्हा तयार केलीस तू?"

"मार्चमध्ये."

सरांनी तिच्याकडे बघितलं, मग वहीतल्या आजच्या तारखेकडे. ओठ हलत होते, महिने मोजत असावेत.

"मग मार्चमध्येच कळलं असतं," ते म्हणाले.

"हो," काजवी म्हणाली, आणि दोनशे वीस लिहून वही सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवली.